मोकळी केलेली डिस्क

ती केस आठवली की आजूनबी माझ्या तळहाताला घाम सुटतो. मोठ्या सायबांच्या आठवणी छापून येत्यात, त्यात दरोडे असत्यात, पाठलाग असत्यात. माझ्याकडं तसलं काय न्हाई. मी होमगार्ड होते. दहावी दुसऱ्या खेपेला सुटलेली. अडीच वर्सं खाकी घातली आन् मंग ती सुटली, कशी सुटली ते शेवटी सांगते. नाव कुणाचंच सांगणार न्हाई, ठाण्याचं बी न्हाई. लोणावळा आन् तळेगावच्या मधी कुटंतरी, एवढंच समजा.

होमगार्डचं काम म्हंजी बंदोबस्त. शनवार-आयतवार धरणावर पर्यटक आलं की शिट्टी फुकायची, मागं व्हा मागं व्हा करायचं. ठाण्यात बसायचं काम आमचं न्हाई. पण बाईमाणसाला चौकशीला बोलावलं की शेजारी बाई लागती, तसा नियमच हाये. त्या आठवड्याला ठाण्यातल्या एक महिला अंमलदार बाळंतपणाच्या रजेवर आन् दुसऱ्या कोर्टात साक्षीला. मंग मला बोलावलं. माझी लेक तवा आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. तिला सासूपाशी टाकून मी यायची, आन् निम्मा जीव घरीच ऱ्हायचा.

झालं असं, की तळेगावच्या बाजूला एका विमा कंपनीचं कॉम्प्युटर सेंटर हाये. तितल्या सायबांनी तक्रार अर्ज दिला, की आमच्या एका बाई ऑपरेटरनं मुद्दाम एक डिस्क पुसली. त्या डिस्कवर चार दिवसांत लोकांनी धाडलेले दाव्यांचे कागद होते, दवाखान्याचे, अपघाताचे, ते सगळे गेले.

ती ऑपरेटर कोण ते मी ऐकलं. मी तिला वळखत होते. आंदर मावळात आमची गावं शेजारी शेजारी, एका वर्गात शिकलो आमी. तिच्या वह्यांना कायम कव्हर, एक कोपरा कवा दुमडलेला न्हाई, म्हणून सगळी तिला वहीवाली म्हणायची. हितं बी मी तेच म्हणते.

आठवीपतूर माझा नंबर तिच्या वर असायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई, सांगून कोण इश्वास ठेवणार. मंग ती तळेगावला मामाकडं ऱ्हायला गेली, कॉम्प्युटर शिकली. माझं लगीन झालं. आन् माझं नशीब बघा, आमचे हे त्याच सेंटरची इष्टाफची बस चालवायचे. रोज वहीवाली त्यांच्या गाडीत. रोज घरी तिचं कायतरी यायचं. आज तिनं सगळ्यांना पेढे दिले. आज तिनं एकाचा फोन दुरुस्त करून दिला. किती शांत पोर हाये बघ. मी पोळ्या लाटायची आन् पोळी फाटायची.

अर्ज आला त्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले आन् म्हणले, "एवढी हुशार पोर, बघ काय झालं तिचं. डोळं सुजलंत रडून. खिडकीकडं तोंड करून बसलीवती."

"गाडी चालवताना एवढं दिसतं व्हय तुमाला?"

"आरशात दिसतं गं."

"आरसा मागच्या गाड्या बघायला असतो."

ते हसले. मला हसू आलं न्हाई. मंग जेवता जेवता ते सहज बोलून गेले, की मागच्या आठवड्यात पुण्याची एक नवी पोरगी आली, तिला मोठ्या पडद्यापुढची मानाची खुर्ची दिली, तवा वहीवाली गाडीत म्हणली होती, 'बघतेच आता ह्यांच्याकडं.'

ते वाक्य मी रातभर पदराला बांधून ठेवलं. सकाळी ठाण्यात गेले आन् सोडलं.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते, सगळे जबाब तेच लिहायचे, अक्षर मोत्यासारखं. त्यांना मी भाऊ म्हणायची. म्हणलं, "भाऊ, एक ऐकलंय. ती बाई रागात होती म्हणं. बघतेच ह्यांच्याकडं, असं गाडीत बोललीवती."

भाऊनं चष्म्यावरनं बघितलं. "कुणाकडनं कळलं?"

"असंच. गाडीतलं माणूस."

"बरं. खबऱ्याचं नाव आपण लिहीत नसतो," म्हणले, आन् कागदावर 'गोपनीय खबर' असं लिहून सायबांकडं घेऊन गेले. मी तिला वळखते हे मी सांगितलंच न्हाई. आधी भ्यायले, आन् मंग उशीर झाला.

अकरा वाजता ती आली. गळ्यात ओळखपत्र, पायात बूट, नखं सोच्छ. हातात एक निळं फोल्डर. मी मुद्दाम टोपी खाली ओढली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आन् सायबांच्या खोलीकडं वळली.

आमचे मोठे सायब पुण्याचे, आवाज कधी चढवायचे न्हाईत, त्याचंच लय भ्या वाटायचं. त्यांनी आधी त्या सेंटरच्या इनचार्ज सायबांना, अर्ज देणारे तेच आन् ते बी पुण्याचेच, कागदावर चित्र काढून समजावायला लावलं. मी भिंतीला उभी राहून ऐकत होते. सेंटरात एकच दांडगं मशीन, पण त्याचे आतून भाग पाडलेले, एका घरात चार चुली असाव्यात तसे. आन् डिस्का म्हंजी धान्याच्या कणग्या. पत्येक कणगीला सहा अक्षरांचं नाव. ही कणगी ह्या चुलीची, ती त्या चुलीची, असं ठरवून दिलेलं. एका भागाला जागा कमी पडली की दुसऱ्याची डिस्क त्याला द्यायची. देताना आधी ह्या भागापासनं सोडवायची, त्याला ते ऑफलाईन करणं म्हणत्यात, मंग त्या भागाला जोडायची. एवढंच केलं तर आतलं धान्य जसंच्या तसं ऱ्हातं. पण नवं नाव घालून डिस्क पहिल्यापासनं तयार करायला घेतली की आतलं सगळं जातं.

"आणि मी फक्त सोडवायला सांगितलं होतं," इनचार्ज म्हणले. "आतल्या कागदांसकट ती दुसऱ्या भागाला द्यायची होती."

"लेखी?"

"नाही... फोनवर. मी घाटात होतो, गाडीत. रेंज येत-जात होती. काम अर्जंट होतं."

मंग त्यांना बाहेर बसवलं आन् वहीवालीला आत घेतलं. मी तिच्या शेजारी खुर्चीवर.

सायब म्हणले, "पुसण्याआधी मशीन विचारतं, असं कळलं मला. काय विचारतं?"

"आतलं बदलू का, असं विचारतं. बदलायचं असेल तर यू दाबा, नाहीतर टी."

"तुम्ही काय दाबलं?"

"यू."

"चुकून?"

"नाही सर. वाचून दाबलं."

भाऊंचं पेन थांबलं. मी मनात म्हणलं, अगं येडे, चुकून म्हण की.

"का दाबलं?"

"सरांनी तसंच सांगितलं होतं."

"ते म्हणतात, सांगितलं नाही."

"मग ते खोटं बोलतात," ती म्हणली, आन् तिचा आवाज फाटला.

"आणि 'बघतेच आता ह्यांच्याकडं' हे कोण बोललं होतं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझा बी पडला असणार, पण माझ्याकडं बघतंय कोण. ती एवढंच म्हणली, "रागात बोलले होते सर. पण ते खुर्चीवरनं. कामात मी कधी..." आन् तिला रडूच फुटलं.

सायबांनी मला सांगितलं, "हिला तोंड धुऊन आणा."

मागं मोरीपाशी गेलो. नळ सोडला. तोंडावर पाणी मारता मारता ती म्हणली, "तूच ना गं? टोपीत वळखली न्हाई आधी."

मी नुसतं व्हय म्हणलं.

"देवाशप्पथ सांगते," ती म्हणली. ठाण्यातली तिची शहरी बोली गळून पडलीवती, गावाकडचीच बोलाय लागली. "त्यांनीच फोनवर सांगितलं गं, ती डिस्क मोकळी करून ठेव, दुसऱ्या बाजूला द्यायचीये. मी मोकळी केली. आदल्या महिन्यात दोन डिस्का अशाच दिल्या, त्या बी पुसूनच दिल्यावत्या. आता म्हणत्यात सांगितलंच न्हाई."

मोकळी.

त्या शब्दासरशी माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आमच्याकडं हंडा मोकळा कर म्हणलं की ओतून टाकायचा. पोतं मोकळं कर म्हणलं की झटकायचं. भरलेल्या वस्तूला मोकळं करणं म्हंजी आतलं काढून टाकणं, दुसरं कायच न्हाई. पुण्याची माणसं त्याला रिकामं म्हणत्यात, आन् मोकळं म्हणत्यात ते सोडवायला. सातवीत शहरातनं एक नवीन बाई आल्यावत्या. त्या म्हणल्या, "चला, वर्ग मोकळा करा." म्हंजी वर्ग सोडून बाहेर जा. आमी काय केलं, बाकं बाहेर काढली. सगळी बाकं, टेबल, शेवटी भिंतीवरचा फळा बी काढला. बाई कपाळाला हात लावून उभ्या. फळा मी आन् वहीवालीनं मिळून काढलावता. बाईंनी इचारलं, कुणी सांगितलं फळा काढायला, तर मी तिच्याकडं बोट केलं. ती दिसभर बाहेर उभी होती उन्हात. काय बोलली न्हाई.

म्हंजी ती बी खरं बोलत होती आन् इनचार्ज बी खरं बोलत होते. हे त्या अख्ख्या ठाण्यात मला एकटीला कळलंवतं.

आन् मी गप बसले.

खरं तेच लिहिते. भ्या तर होतंच, की मी मधी तोंड घातलं तर सायब म्हणतील ही कोण. वळख लपवली ते निघंल. खबर कुणी दिली ते निघंल. पण भ्या नंतरचं. आधी जे आलं ते वायलंच होतं. मनात आलं, हू दे. एक दिस तरी हिला कळू दे, सगळ्यांच्या फुडं मान खाली घालून बसणं कसं असतं. हिची नखं, हिचं ओळखपत्र, आरशात दिसणारी हिची खिडकी. हिच्यावर गुन्हा दाखल झाला की ओळखपत्र जाणार, आन् पोलिसाची नोंद असल्यावर दुसऱ्या कुठल्या सेंटरात कोण घेतंय. मंग ही बी घरी बसंल. माझ्यासारखी. असं मला वाटलं, आन् वाटताना गोड वाटलं.

दुपार झाली. सायबांनी सांगून ठेवलंवतं, चार वाजेपतूर जबाब पुरा करा, मंग गुन्हा दाखल करायचा का न्हाई ते ठरवू. आमी दोघी बाहेरच्या बाकावर. लेकीच्या दुधाची येळ टळून गेलीवती. छाती दगडासारखी झाली, आन् बघता बघता खाकी शर्टाच्या फुडं दोन वले डाग. पदर न्हाई, वढणी न्हाई, करू काय. तेवढ्यात सायब खोलीतनं बाहेर आले, मागं दोन अंमलदार. मी जागच्या जागी मेले.

वहीवालीनं काय केलं, हातातलं निळं फोल्डर माझ्या छातीपुढं धरलं. जसं काय आतला कागद मला वाचाय दाखवतीये. "हे बघा मॅडम, हितं," असं बी म्हणली. सायब निघून गेले. फोल्डर माझ्याच मांडीवर ठेवून ती म्हणली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. किती म्हयन्याचं?"

"आठ. मुलगी."

"कुणावर गेलीये?"

मला राग आला. खरंच सांगते, रडू न्हाई आलं, राग आला. हिनं चांगलं बी वागायचं, आन् ते बी माझ्याच बाबतीत.

साडेतीनला भाऊंनी जबाब वाचून दाखवला. "सदर डिस्क पुसून टाकणेबाबत मला वरिष्ठांनी फोनवर सांगितले, त्यावरून मी सदर डिस्क जाणीवपूर्वक पुसली."

वहीवाली म्हणली, "काका, मी पुसून टाकणेबाबत म्हणाले नाही. त्यांनी मोकळी कर सांगितलं, असं म्हणाले मी."

"एकच ते बाळ. सरकारी भाषेत असंच लिवत्यात. कर सही."

तिनं पेन घेतलं. तिला कागदावरचं सगळं नीट वाचायची सवय, त्या दिवशी तिनं वाचलं न्हाई. मान खाली, उन्हात उभी होती तशीच.

"भाऊ, एकच न्हाई ते," मी बोलले.

माझाच आवाज मला वळखू आला न्हाई. भाऊ म्हणले, "तू गप."

"न्हाई भाऊ. सही घेऊ नका. सायबांना सांगायचंय मला."

सायबांच्या टेबलापुढं मी काय बोलले, कसं बोलले, आता सांगता येणार न्हाई. हंडा बोलले, पोतं बोलले, बाकं बोलले, फळा बोलले. मधीच म्हणले गाय मोकळी कर म्हणलं तर मातूर दावंच सोडायचं, कारण गाय भांडं न्हाई. सायब नुसतं बघत होते. मला वाटलं आता हाकलणार.

त्यांनी इनचार्जना आत बोलावलं. "फोनवर नेमका शब्द कोणता वापरलात? तुमच्या अर्जात ऑफलाईन लिहिलंय. फोनवर ऑफलाईन म्हणालात?"

"शब्द... नाही, मराठीतच. मोकळी करून ठेव, असं काहीतरी."

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे सोडवायची. गाठ मोकळी करतो तशी."

तेवढ्यात चहाची मावशी आली. आमच्या मावळातलीच, साठीची, ठाण्यात चहा देऊन देऊन पिकलेली. हातात चहाचं मोठं पातेलं, आत्ताच उकळलेला, सगळ्या ठाण्याचा. सायब तिच्याकडं न बघता म्हणले, "मावशी, ते पातेलं जरा मोकळं करून आणा."

मावशी म्हणली, "आत्ता? बरं बाबा, तुमी म्हणताल तसं." आन् मागच्या मोरीत भडाभडा ओतून मोकळं पातेलं घेऊन हजर.

भाऊ ओरडले, "अगं मावशे, चहा कुठाय!"

"आता सायबच म्हणले मोकळं करा. मी काय शाणी सायबापेक्षा?"

"आणि गाय मोकळी करा म्हटलं तर?" सायबांनी इचारलं.

"दावं सोडीन की. गाय कशी वतू?"

अख्खं ठाणं हसलं. इनचार्ज हसले न्हाईत. खाली बसले आन् दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मीच लेखी द्यायला हवं होतं," म्हणले. "नियमच आहे तो."

मंग सायबांनी भाऊंना सांगितलं, दोघांचे जबाब नव्यानं घ्या, आन् 'मोकळी' हा शब्द जसाच्या तसा लिहा, बदलून लिहू नका. फुडं सेंटरच्या लोकांनी डिस्क पुसायच्या आदल्या रातीच्या नकलेच्या टेपवरनं बरंचसं परत चढवलं, ऱ्हायलेले कागद लोकांकडनं पुन्हा मागवले. मुद्दाम केल्याचं काय दिसलं न्हाई, म्हणून अर्ज निकाली निघाला. वहीवालीचं ओळखपत्र ऱ्हायलं.

सायब त्या दिवशी मला एक गोष्ट बोलले ती माझ्या लक्षात हाये. "मी 'चुकून' हा शब्द मुद्दाम पुढे टाकला होता. खोटं बोलणारा माणूस तो पटकन पकडतो. तिनं पकडला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण ती खबर आली ना, त्यानं मी भरकटलो."

मी म्हणले, "सायब, ती खबर मी दिलीवती."

मंग मी सगळंच बोलले. शाळा, नंबर, आरसा, सकाळपासनं म्हाईत असून गप बसले ते बी. बोलताना त्यांच्या टेबलावरच्या काचेकडं बघत होते, त्यात माझी टोपी दिसत होती.

त्यांनी हजेरीचं रजिस्टर मिटलं. म्हणले, "घरी जा. मूल वाट बघत असेल. आता तू मोकळी."

फुडच्या आठवड्याच्या बंदोबस्ताच्या यादीत माझं नाव नव्हतं. त्याच्या फुडच्या बी न्हाई. मंग मीच खाकी धुऊन, इस्तरी करून जमा केली.

ह्या केसनं काय शिकवलं म्हणाल, तर लिहिणाऱ्यानं बोलणाऱ्याचा शब्द बदलू नये. माणूस ज्या शब्दानं बोललं तोच कागदावर ठेवावा, त्यात त्याचं घर असतं, गाव असतं, चूक बी असती. आन् खबर आली की आधी बघावं, खबर देणाराच्या पोटात काय दुखतंय. हे मी बाहेरनं न्हाई सांगत, खबर देणारी मीच होते.

लेक आता बालवाडीत जाती. तिला सोडाय रस्त्याला उभी ऱ्हाते तवा ह्यांची बस जाती, आन् वहीवाली खिडकीतनं हात करती. मी बी करते. खबर कुणी दिली ते मी तिला आजूनबी सांगितलं न्हाई. आन् हेवा गेला म्हणाल, तर न्हाई गेला, तिचा हात खिडकीत दिसला की आजूनबी मी आधी तिची नखं बघते.

सायब त्या दिवशी मला म्हणले, आता तू मोकळी. ते पुण्याचे, त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ सोडवलं असा होतो. मी आंदर मावळातली. माझ्या बोलीत वतून टाकलं असा. त्यांना कुठला म्हणायचा होता ते इचारायला मला आजूनबी धीर झाला न्हाई.